क्षौरदाह
दाढी केल्यानंतर त्वचेची होणारी आग, लाली व पुरळ. बोथट पाते, कोरडी त्वचा आणि केसांच्या वाढीविरुद्ध फिरविलेला वस्तरा ही याची प्रमुख कारणे होत. फार खोलवर कापलेला कुरळा केस वळून त्वचेत शिरल्यासही पुटकुळ्या येतात. कोमट पाण्याने केस मऊ करून, भरपूर फेस लावून धारदार पाते केसांच्या दिशेने हलकेच फिरविल्यास दाह टळतो. दाह झाल्यास गार पाण्याची घडी ठेवावी, मद्यार्कयुक्त द्रव टाळावेत. विदर्भात व अन्यत्र दाढीनंतर तुरटी फिरविण्याची रूढी आहे. तिच्या स्तंभक गुणामुळे बारीक जखमांतील रक्तस्राव थांबतो. परंतु पाते निर्जंतुक होत नाही. सामाईक पात्यामुळे ब प्रकारचा यकृतशोथ पसरू शकतो. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकास नवे पाते वापरणे आवश्यक असते.