केबलचा जोड बिघडला तर मापच खोटं! अशी घ्या काळजी

म्हसवड : ९०.४ एफएमवरची माणदेशी तरंग वाहिनी आपण ऐकतो. अशा सामुदायिक रेडिओला प्रसारणाची ताकद साधारणपणे १०० वॅटपर्यंतच ठेवता येते. तीही टॉवरवर जाणाऱ्या कोअॅक्सियल केबलच्या जोडात वाया गेली, तर लांबच्या वाडीवर आवाज पोचत नाही.

केबल ठीक आहे का, हे यंत्र लावून मोजतात. पण यंत्राचाच कनेक्टर खराब असेल तर? तराजूतच खोट असल्यासारखं होतं.

कनेक्टरच्या मधोमध बारीक पिन असते. ती जास्त आत असली तर सिग्नल माघारी फिरतो. जास्त बाहेर आली तर समोरचा जोड मोडते. म्हणून अचूक यंत्रांवर जोडणीआधी पिनची खोली गेजने मोजतात. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरकही त्यात कळतो.

जोडताना फक्त नट फिरवायचा, कनेक्टर नाही. करकचून न आवळता टॉर्क पाना वापरायचा. धूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची. तोंडाने फुंकर नको, ओल बसते. काम झालं की टोपण लावायचं.

घरच्या डिशचंही तसंच. चित्र अडकत असेल तर बॉक्सचा प्लग काढा आणि जोड बघा. मधली तार हिरवी, काळी पडली असेल तर टोक नवीन करून घ्या.