राबणाऱ्याला हार्ट अटॅक येत नाही?



ऐन गळीत हंगामात हा विषय काढतो आहोत, कारण हंगामाच्या घाईतच या दुखण्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. "आम्ही रोज मातीत राबणारी माणसं, आम्हाला कशाला हार्ट अटॅक येतोय? तो गादीवर बसणाऱ्याला!" हे वाक्य पारावर, काट्याच्या रांगेत आम्ही किती वेळा ऐकले त्याची गणती नाही.

त्यात थोडे खरेही आहे. डॉ. जेरेमी मॉरिस यांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसवरील नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होत होता. तेव्हा कष्टाने हृदयाचा फायदा होतो, यात वाद नाही. पण आज आपल्यापैकी कष्ट करतो कोण?

मोट गेली, इंजिन आले, इंजिन जाऊन मोटर आली. आता तर घरबसल्या मोबाईलवरून पंप चालू होतो. नांगरट ट्रॅक्टरची, तोडणी टोळीची. ठिबक बसले तिथे दारे धरणेही संपले. बांधापर्यंत मोटरसायकल जाते. बरेच झाले, पुन्हा मोट जुंपा असे कोणी म्हणणार नाही. पण अंगमेहनत गेली आणि पोट मात्र मोटेच्या काळातले राहिले. त्यात दर चौकात वडा-भजी आणि दर कामाला चहा. साखर कारखान्याच्या अंकात चहातली साखर कमी करा असे छापणे अवघड वाटते खरे, पण सभासद जगला तर ऊस येईल, म्हणून लिहिलेच.

आता जे खरोखर राबतात त्यांचे. फिनलंडमधील उत्तर कारेलिया हा जंगलतोड आणि दूधधंदा करणाऱ्यांचा भाग. माणसे आपल्या तोडणीवाल्यांसारखी काटक. तरीही हृदयविकाराने पुरुष मरण्याचे प्रमाण तिथे जगात सर्वांत जास्त असलेल्या ठिकाणांत होते. कारण भाकरीवर लोण्याचा थर, जेवणात मीठ भरपूर आणि तोंडात सिगारेट. १९७२ पासून डॉ. पेक्का पुस्का आणि सहकाऱ्यांनी गावोगाव काम सुरू केले. मार्था नावाच्या महिला संघटनेने स्वयंपाक बदलून दाखवला. दूधवाल्यांना हे रुचणे कठीणच होते. पण पुढे त्यांच्यातले काही बोरांसारख्या फळांच्या शेतीकडे वळले. चाळीस वर्षांत कामकरी वयाच्या पुरुषांमधील हे मृत्यू ऐंशी टक्क्यांहून अधिक घटले. नुसत्या कष्टाने जे झाले नव्हते, ते ताट आणि तंबाखू बदलल्यावर झाले.

आपल्याकडे सिगारेटच्या जागी विडी आणि चुन्याची गोळी, बायकांत मिश्री. लोणचे, पापड, खर्डा यांतून मीठ किती जाते ते मोजतो कोण? दिवसाला सारे मिळून एक चमचा, म्हणजे पाच ग्रॅमच्या आत हवे. त्यात आपली माणसे लवकर सापडतात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ५२ देशांच्या पाहणीत भारत व शेजारी देशांत पहिल्या झटक्याचे सरासरी वय ५३ निघाले. इतरत्र ते ५९ च्या आसपास होते. रक्तदाब तर न दुखता वाढतो. तो १४०/९० वर वारंवार निघाला तर डॉक्टर गाठावा. तिशीपुढच्या सर्वांची ही तपासणी सरकारी उपकेंद्रात फुकट होते.

आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालणे पुरते. बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग. बांधावरून चाललात तर पिकावर नजरही फिरते. मात्र वर्षभर बसून असलेल्याने एकदम रुतलेली ट्रॉली ढकलायला जाऊ नये. सवय नसलेल्याला अशा अचानक जोरानेच झटका येण्याचा धोका फार असतो. छातीत दुखण्याची किंवा दम लागण्याची तक्रार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

सर्वांत मोठा घात होतो तो "पित्त झालंय" या शब्दाने. रात्री छातीत दाबल्यासारखे होते, डावा हात नाहीतर जबडा भरून येतो, दरदरून घाम सुटतो. घरचे सोडा पाजतात आणि उजाडायची वाट बघतात. बायकांना तर कधी नुसता दम, मळमळ, गळून गेल्यासारखे वाटते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या तासांत जितके लवकर, तितके हृदय वाचते; बारा तासांनंतर त्याचा फारसा उपयोग राहत नाही. रुग्णाला चालवू नका, मोटरसायकलवर मध्ये बसवून नेऊ नका. १०८ नंबरला फोन करा. ही गाडी महाराष्ट्रात २०१४ पासून फुकट आहे. रात्री ईसीजी जवळ कुठे निघतो ते या आठवड्यात विचारून ठेवा, आणि तो पत्ता व १०८ हा आकडा घरात आणि विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीवर ठळक लिहा. रात्रीच्या लाइटीला पाणी धरणारा माणूस तिथे एकटाच असतो.