धाकटीचं होल्स्टर

मी मुलुंडला राहणारा, मराठीत कविता लिहिणारा माणूस. बंदुकीशी माझा संबंध जत्रेत फुगे फोडण्यापुरता, आणि तिथंही फुगा फुटल्याचं आठवत नाही. आमच्या धाकटीनं मात्र नववीत असताना एअर पिस्तुलाचा क्लास लावला. तीन-चार महिने गेले आणि एका संध्याकाळी म्हणाली, ‘अब्बा, मला होल्स्टर पाहिजे.’ होल्स्टर म्हणजे कमरेला लटकवायचं पिस्तुलाचं चामडी म्यान. सिनेमातल्या इन्स्पेक्टरच्या कमरेला असतं ते.

मुलीनं काही मागितलं की बापाला अक्कल उशिरा येते. घाटकोपरला पट्टे-पाकिटं शिवणारा एक ओळखीचा कारागीर आहे. त्याच्याकडे गेलो. त्यानं माप विचारलं, मी हातानं हवेत दाखवलं. साडेसातशे रुपये घेऊन त्यानं आठ दिवसांत तपकिरी, दुहेरी शिलाईचं, पितळी बटणाचं सुरेख होल्स्टर हातात ठेवलं. ते घेऊन आम्ही बापलेक रेंजवर गेलो. प्रशिक्षक बाईंनी ते उलटसुलट पाहिलं, शिलाईचं कौतुक केलं आणि म्हणाल्या, ‘छान आहे हो काका. पण आपल्या खेळात हे लागत नाही. चालतही नाही.’

का चालत नाही, ते मला त्या दिवशी कळलं. होल्स्टरमधून पिस्तूल काढून धावत-पळत नेम मारायच्या स्पर्धा जगात आहेत. त्यांची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ साली अमेरिकेत कोलंबिया गावी स्थापन झाली. तिथं पहिलं होल्स्टर निवडणं ही मोठी गोष्ट असते. चाप पूर्ण झाकला जातो का, धावताना पिस्तूल निसटत नाही ना, हे सगळं पाहतात. पण ऑलिम्पिकमधली नेमबाजी, जी आपल्याकडची मुलं शिकतात, तिचा पहिला नियम असा की नळीचं तोंड सदैव लक्ष्याकडे. होल्स्टरमध्ये ते आपल्याच पायाकडे असतं, आणि बाहेर काढताना अर्धी खोली फिरून येतं. म्हणून इथं पिस्तूल पेटीतून येतं. पेटी फायरिंग लाइनवर उघडायची, नळीत भडक रंगाची दोरी घातलेली असते, तिला सेफ्टी फ्लॅग म्हणतात. नळी रिकामी आहे याची ती साक्ष. पुढे कुणी माणूस असेल तर पिस्तुलाला बोटही लावायचं नाही.

होल्स्टरमधून हात वर येण्याच्या सगळ्यात जवळची गोष्ट या खेळात आहे ती २५ मीटर पिस्तुलात. महिलांच्या त्या स्पर्धेच्या दुसऱ्या भागात हात ४५ अंशांत खाली धरून उभं राहायचं, लक्ष्य तीन सेकंदांसाठी खुलं होतं, तेवढ्यात हात उचलून एक गोळी, मग सात सेकंद विश्रांती. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेतलं ते याच प्रकारात. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला.

आमच्या मुलीचा प्रकार १० मीटर एअर पिस्तूल. साठ छर्रे, पंचाहत्तर मिनिटं, एकच हात. मधलं दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. पिस्तुलाचं वजन नियमानं दीड किलोपर्यंत चालतं, प्रत्यक्षात ती साधारण किलोभराची असतात. कल्पना यायची असेल तर दुधाची एक लिटरची पिशवी हात ताणून मिनिटभर धरा आणि मग साठ वेळा धरायची आहे हे लक्षात आणा.

तेव्हा बाईंनी आम्हाला सांगितलं, ‘म्यान सोडा, मूठ बघा.’ या पिस्तुलाची मूठ लाकडी असते. लहान, मध्यम, मोठी अशा मापांत येते, उजव्या हाताची वेगळी, डावऱ्यांची वेगळी. तळहाताखाली एक फळी असते, ती वर-खाली सरकते. मूठ मनगटाला आधार देता कामा नये, असा नियम आहे.

इथं माझ्या मध्यमवर्गीय डोक्यानं गोंधळ घातला. आपल्याकडे शाळेचा गणवेश वाढत्या मापाचा घेतात, बूटही एक नंबर मोठे. मी म्हटलं, पोरगी वाढतेय, मध्यम मापाची मूठ घेऊ या. बाईंनी तिच्या हातात मध्यम मूठ दिली. बोटाचं पेर चापावर पोचेना म्हणून तिनं नकळत मनगट वळवलं. असं वळवून सहा महिने सराव झाला की ती सवय मोडायला वर्ष जातं. मग लहान मूठ दिली. परीक्षा सोपी आहे. नळी लक्ष्याकडे ठेवून डोळे मिटायचे, हात नेहमीसारखा उचलायचा, डोळे उघडायचे. पुढचा खुंट मागच्या खाचेत बरोबर मधे दिसला तर मूठ आपली. डावी-उजवीकडे गेला तर मुठीत दोष, किंवा उभं राहण्यात. चाप ओढणारं बोट लाकडाला घासता कामा नये, नाहीतर चाप सरळ मागे न येता नेम बाजूला ओढला जातो. चापाला किमान पाचशे ग्रॅमचा दाब लागतोच, तेवढ्यात घासणं पुरतं. हात वाढला की मूठ बदलता येते, पिस्तूल तेच राहतं. थोडंफार कमी-जास्त असेल तर कानस आणि पॉलिश पेपर आहेतच.

नवं परदेशी पिस्तूल लाखाच्या वर जातं. बी. ए. होऊन कविता करणाऱ्याच्या घरात लाख रुपये ही गंमत नाही. म्हणून वर्षभर क्लबचं पिस्तूल वापरलं आणि मग जुनं शोधलं. पहिलं सापडलं ते स्वस्त होतं, मी पैसेही मोजायला काढले. धाकटीनं हवेचा सिलिंडर फिरवून त्यावरची तारीख वाचली. त्यात सुमारे दोनशे बार दाबानं हवा भरतात आणि बनल्यापासून दहा वर्षांनंतर तो वापरायचा नसतो. त्याची मुदत केव्हाच संपली होती. शिवाय मूठ आधीच्या माणसानं आपल्या पंजासाठी इतकी कोरलेली की आमच्या पोरीचा हात तिच्यात पाहुण्यासारखा वाटत होता. विक्रेत्यानं दोन्ही गोष्टी सांगितल्या नव्हत्या. जुना माल घेताना या दोन गोष्टी पाहाच. आणि सुटे भाग मिळतात का तेही. टोकियो ऑलिम्पिकमध्ये, २०२१ च्या जुलैत, मनू भाकरच्या पिस्तुलाची कॉकिंगची लिव्हर ऐन स्पर्धेत तुटली. दुरुस्तीत वेळ गेला, ती बाराव्या स्थानावर राहिली आणि अंतिम फेरी हुकली. पॅरिसला २०२४ मध्ये तिनं दोन कांस्यपदकं घेतली ती नंतरची गोष्ट.

आता जे मला खरं सांगायचं आहे ते. माझे थोरले भाऊ म्हणाले, ‘बॅडमिंटन नव्हतं का रे? आपल्या घरात पिस्तूल?’ ‘आपल्या’ या शब्दावर त्यांनी जो जोर दिला तो मुंबईत राहणाऱ्या कुणालाही समजेल. ०.१७७ इंच व्यासाच्या आणि २० जूलपर्यंतच्या एअरगनला आपल्याकडे परवाना लागत नाही, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, ‘हे लोकलमधल्या माणसाला सांगशील?’

वर्षभरातच तो दिवस आला. स्पर्धेला निघालो होतो, एका स्टेशनावर बॅग तपासणीला थांबवलं. २००६ च्या लोकलमधल्या स्फोटांनंतर आणि २००८ च्या हल्ल्यानंतर हे शहर बॅगा बघतं, बघायलाच हव्यात. हवालदारानं विचारलं, ‘यात काय?’ माझ्या तोंडाला कोरड पडली. धाकटी म्हणाली, ‘एअर पिस्तूल आहे, साहेब. स्पर्धेला चाललेय.’ तिनं पेटीला हात लावला नाही. किल्ली त्यांच्या हातात दिली, संघटनेचं ओळखपत्र, स्पर्धेचं प्रवेशपत्र, खरेदीची पावती पुढे केली. ‘नळीत फ्लॅग आहे, आणि सिलिंडर वेगळ्या कप्प्यात,’ असंही सांगितलं. ओळखपत्रावरचं नाव त्यांनी दोनदा वाचलं. साहेबांना बोलावलं. आम्ही वीस मिनिटं उभे होतो. येणारे-जाणारे बघत होते, मी जमिनीकडे बघत होतो. मग साहेबांनी कागद परत दिले, ‘जा बेटा’ म्हणाले.

तिच्या तयारीच्या वेळातली दहा मिनिटं गेली. पहिले काही नेम तिचे भरकटले, मग जमले. मला त्या दिवसाचे गुण आठवत नाहीत, तिला पाठ आहेत.

त्यानंतर आम्ही तासभर आधी निघतो. कागदांच्या दोन प्रती असतात, एक पेटीत, एक माझ्या खिशात. पेटीला बाहेरून कुठल्याही कंपनीचं किंवा पिस्तुलाचं चित्र नाही, कुलूप साधं पण मजबूत आहे. सिलिंडर विमानात भरलेला चालत नाही, तो रिकामा करून न्यावा लागतो.

होल्स्टर घरीच आहे. बायकोनं त्यात शिवणाची कात्री ठेवली आहे, बरोबर मापाची बसते. धाकटी आता मध्यम मुठीवर आली आहे, पण अंगठ्यापाशी लाकूड टोचतंय म्हणते. येत्या रविवारी कानस घेऊन बसायचं आहे.