बावीस इंची बारचा मोह

दुकानदाराने काउंटरवर झाडं कापायच्या कटरची, म्हणजे चेनसॉची, दोन मशीनं ठेवली आणि माझा हात सरळ मोठ्याकडे गेला. ५८ सीसी, २२ इंची बार, आणि किंमत धाकट्यापेक्षा कमी. धाकटं म्हणजे श्टील कंपनीचं एमएस १८०, ३१.८ सीसीचं. मोठ्यावर कुठल्याच ओळखीच्या कंपनीचं नाव नव्हतं. सोबत आलेले शेजारचे काका वीसेक वर्षं कटर चालवतात. ते एवढंच म्हणाले, "हात लांब करून धर आणि शंभर आकडे मोज." चाळिसाच्या पुढे माझी मोजणी गेली नाही.

आमच्या घरात कटरची गोष्ट निघते ती ३ जून २०२०पासून. त्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं. संध्याकाळी वाडीत बघतो तर माड पोफळींवर आणि पोफळी विहिरीवर. कोयत्याने झावळ्या तोडल्या, पण खोडांपाशी कोयता थांबला. कटरवाल्याची वाट बघण्यात आठवडा गेला. वीज तर त्याहून कितीतरी जास्त दिवस नव्हती, म्हणून बॅटरीवरच्या मशीनचा विचार मी पहिल्यांदाच बाजूला ठेवला. आता पुढच्या महिन्यात झाडतोडीच्या प्रशिक्षणाला जायचं, तर आपलं मशीन आधी हातात असावं, एवढाच हट्ट होता.

काकांनी मला दुकानातच मनाने वाडीत नेऊन उभं केलं. पोफळ केवढी जाड? वीतभर. माड? फूट-सव्वा फूट. मग २२ इंच कुणासाठी? शिस्तीत लावलेल्या बागेतही दोन पोफळींत नऊच फूट अंतर असतं, आमच्या जुन्या वाडीत त्याहून कमी. लांब बार खोडातून पलीकडे निघतो आणि त्याचं टोक शेजारच्या झाडाला लागतं. टोकाचा वरचा भाग फिरत्या साखळीसकट कशाला टेकला, की मशीन उलटा झटका मारतं, थेट तोंडाच्या दिशेने. डोळ्याची पापणी लवायच्या आत. त्या क्षणी माणसाला वाचवतो तो पुढच्या दांड्यासमोरचा ब्रेक.

तो ब्रेक काकांनी दोन्ही मशीनांवर ढकलून पाहिला. हातमोजा घालून साखळी ओढली. धाकट्याची जागची हलली नाही, मोठ्याची सरकली. दुकानदार म्हणाला, "घट्ट करून देतो." काकांनी ते मशीन उचलून परत फळीवर ठेवलं.

आंब्या-फणसाचं लाकूड कापणं वेगळं आणि माड कापणं वेगळं. माडाला वार्षिक वर्तुळं नसतात, सगळा दोऱ्यांचा गठ्ठा. बाहेरून कडक, आत भुसभुशीत, त्यात सिलिका आणि सालीवर उडालेली किनाऱ्याची वाळू. धार बघता बघता जाते. कपच्या उडायच्या थांबून पीठ पडायला लागलं की मशीन दाबायचं नाही, साखळी घासायची. त्यामुळे किती सीसी हा प्रश्न मागे पडला आणि ४ मिलिमीटरची गोल कानस आपल्याला चालवता येते का, हा पुढे आला. (मला येत नव्हती.)

पेट्रोलचंही तसंच. एका लिटरला २० मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑइल, ५०ला १. काही मशीनं दुप्पट मागतात, ते पुस्तिकेत बघायचं. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि आमच्याकडच्या जुलैत ओलाव्याला तोटा नाही, म्हणून कॅन भरून ठेवायचा नाही.

मी धाकटं घेतलं, १४ इंची बार लावून. वाचलेले पैसे, म्हणजे खरं तर वाचलेच नव्हते, पण काढलेले पैसे हेल्मेटमध्ये, कानाच्या कपांत आणि आत धाग्यांचे थर असलेल्या पँटमध्ये गेले. साखळी मांडीला लागली तर ते धागे बाहेर ओढले जाऊन चाक जाम करतात. मे महिन्याच्या उकाड्यात ती पँट घालून बघितली तेव्हा घरात सगळे हसले.

मशीन अजून खोक्यात आहे. "शिकून आल्याशिवाय दोरी ओढायची नाही," ही काकांची अट. तोवर त्यांनी आपली एक झिजलेली साखळी दिली आहे. रोज संध्याकाळी पडवीत ती शेगड्यात धरून घासतो. दात एकाआड एक, उजवा-डावा, कानस दोन्हीकडे सारख्याच वेळा, नाहीतर काप तिरका जातो. तिसऱ्या दिवशी उजवे दात जमले. डावे अजून जमलेले नाहीत.