पोलिसांचें दप्तर आणि आपला अर्ज

‘शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये,’ ही म्हण आमच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकविली जाते; आणि कोर्टाच्या जोडीला पोलिसांचें ठाणेंही वडील मंडळींनीं मनांतल्या मनांत केव्हांच बसवून टाकिलें आहे. घरांतील मुलगा इंजिनियर झाला, सून प्राध्यापिका झाली, तरी ठाण्याच्या दारावरून जातांना आपलीं पावलें अंमळ जलदच पडतात. परंतु या सोवळेपणामुळें एक गोष्ट आपण विसरतों. त्या ठाण्याच्या कपाटांत जे कागद बांधून ठेविलेले असतात, त्यांतील कित्येक आपल्याच सुखदुःखाचे असतात. चोरीची फिर्याद, हरवलेल्या माणसाची नोंद, अपघाताचा पंचनामा, हे सारे तेथेंच सांपडावयाचे. ते मागावे कसे, हें ठाऊक नसल्यामुळें ज्याचा हक्क आहे तोच रिकाम्या हातानें परत येतो. हा विषय आज वाचकांपुढें मांडण्याचें कारण आमच्या ओसरीवरच घडलें.

वडवणी हें बीडहून परळीस जाणाऱ्या रस्त्यावरील तालुक्याचें गांव. दसरा-दिवाळी उरकली, कीं या भागांतील कितीतरी कुटुंबें कोयते घेऊन ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात, आणि उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. गेल्या हंगामांत अशाच एका टोळीबरोबर गेलेला एक तरुण रस्त्यावर वाहनाखालीं सांपडून मरण पावला. त्याची बायको दोन मुलांना घेऊन गांवीं परत आली. नुकसानभरपाईचा दावा लावावयाचा, तर वकिलास कागद हवेत. आणि कागद परजिल्ह्यांतील एका ठाण्यांत. तेथें ती दोन वेळां जाऊन आली. ‘साहेब नाहींत,’ ‘पुढल्या आठवड्यांत या,’ एवढेंच उत्तर तिला मिळालें. प्रत्येक खेपेस दोन दिवसांची मजुरी बुडे आणि एस.टी.चें भाडें पदरचें जाई. अखेर ती आमच्या ओसरीवर येऊन बसली व घरांतील वडील बाईंस म्हणाली, “काकू, माणूस तर गेला. आता कागूद तरी हातात पडू द्या.”

आम्हीं घरांतील चौघांनीं बसून माहितीच्या अधिकाराखालीं अर्ज लिहिला. कोणीं करुण रस घातला, कोणीं घटनेचे दाखले घातले, आणि दोन पानें भरून झालीं. तो अर्ज जसाच्या तसा परत आला! महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणें एका अर्जांत एकच विषय असावा व मजकूर १५० शब्दांपलीकडे जाऊं नये, हें आमच्यापैकीं एकासही ठाऊक नव्हतें. आमच्या विद्वत्तेचा असा परस्पर निकाल लागला. त्यांत त्या बाईचे पंधरा दिवस मात्र फुकट गेले, याची खंत आजही आहे. अपघाताच्या दाव्यास सहा महिन्यांची मुदत असते. मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं केलेल्या दुरुस्तीनें ती घातली गेली व १ एप्रिल २०२२ पासून अमलांत आली. आमच्याजवळ बाईचा वेळ उधळण्याइतका शिल्लक नव्हता.

मग आम्हीं नीट चौकशी केली, तेव्हां असें आढळलें, कीं प्रत्येक कागदासाठीं माहितीच्या अधिकाराचें दार ठोठावण्याची गरजच नाहीं. पहिल्या खबरीची, म्हणजे एफ.आय.आर.ची, नक्कल फिर्याद देणारास विनामूल्य द्यावी, हा नियम जुनाच. येथें फिर्याद मुकादमानें दिली होती; म्हणून नक्कलही त्याच्याच खिशांत गेली. परंतु १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनें फिर्यादीबरोबर पीडितासही तो हक्क दिला आहे, आणि पीडित या शब्दांत त्याचा कायदेशीर वारसही येतो. इतकेंच नव्हे, तर तपास कोठवर आला हें नव्वद दिवसांच्या आंत फिर्यादीस वा पीडितास कळविण्याचें बंधन त्याच संहितेनें पोलिसांवर घातलें आहे. शिवाय सर्वोच्च न्यायालयानें ७ सप्टेंबर २०१६ रोजीं असा आदेश दिला, कीं नाजूक स्वरूपाचे गुन्हे वगळून बाकीच्या पहिल्या खबरी पोलिसांच्या संकेतस्थळावर २४ तासांत प्रसिद्ध व्हाव्यात. अडचणीच्या जागीं ही मुदत ७२ तासांपर्यंत वाढूं शकते. आमच्या पुतण्यानें ती खबर मोबाइलवर दहा मिनिटांत काढून दिली. ज्या कागदासाठीं ती बाई दोनदां परजिल्ह्यांत जाऊन आली, तो आमच्या ओसरीवरच उतरला!

वाहनाचा क्रमांक, मालकाचें नांव, विम्याचा तपशील वगैरे गोष्टी भरपाई मागणारास ठाण्याच्या अधिकाऱ्यानें पुरवाव्यात, असें मोटार वाहन कायद्याचें १६० वें कलम सांगतें. त्यासाठीं वेगळा अर्ज दिला. राहिलेल्या कागदांपुरता माहितीच्या अधिकाराचा दुसरा अर्ज लिहिला. त्यांत करुण रस नव्हता. घटनास्थळाचा पंचनामा, मरणोत्तर पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल यांच्या प्रमाणित प्रती द्याव्यात, एवढीच मागणी, गुन्ह्याचा क्रमांक व तारीख यांसह. अर्ज बाईच्याच नांवें. त्यावर दहा रुपयांचें कोर्ट फी तिकीट. दारिद्र्यरेषेखालील माणसास तेंही लागत नाहीं, पण त्याचा दाखला जोडावा लागतो. माहिती कशासाठीं हवी, हें सांगण्याचें बंधन अर्जदारावर नाहीं. अर्ज चुकीच्या कचेरींत गेला, तर योग्य कचेरीकडे पांच दिवसांत पाठविण्याची जबाबदारीही कचेरीचीच.

या कायद्याचा इतिहास मनोरंजक आहे. सरकारी कागद पाहण्याचा हक्क प्रजेस देणारा पहिला कायदा स्वीडनमध्यें १७६६ सालीं झाला. आपल्याकडे त्याच्या उलट १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा इंग्रजांनीं ठेवून दिला. पुढें १९९० नंतरच्या दशकांत राजस्थानांतील मजुरांनीं आपल्या मजुरीचे हजेरीपट उघडे करा, असा आग्रह धरला. महाराष्ट्रांत श्री. अण्णा हजारे यांच्या आंदोलनामुळें २००२ चा राज्याचा कायदा आला, आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा लागू झाला. तो १९२३ च्या कायद्यावर मात करतो, हें त्यांतच स्पष्ट लिहिलें आहे. म्हणजे हा हक्क मजुरांच्या हजेरीपटांतून उगवला, आणि आमच्या ओसरीवरही तो एका मजुराच्या बायकोच्याच कामीं आला.

पोलिसांचें सर्वच दप्तर उघडें असावें, असें मात्र कोणी समजूं नये. ज्या माहितीनें तपासांत वा खटल्यांत अडथळा येईल, ज्यामुळें खबर देणाराचा जीव धोक्यांत येईल, ती नाकारतां येते. व्यक्तिगत माहितीविषयींचें कलमही २०२३ च्या कायद्यानें अधिक कडक केलें आहे. आपल्या शेजारणीनें विश्वासानें दिलेला जबाब उद्यां गांवभर फिरावा, हें आपल्यापैकीं कोणासही रुचणार नाहीं. परंतु ‘तपास चालूं आहे’ हें तीन शब्दांचें कुलूपही पुरेसें नाहीं. माहिती दिल्यानें तपासास अडथळा कसा येईल, हें अधिकाऱ्यानें दाखविलें पाहिजे, असा निकाल दिल्लीच्या उच्च न्यायालयानें २००७ सालीं भगतसिंग यांच्या प्रकरणीं दिला आहे.

उत्तरास मुदत ३० दिवसांची. प्रश्न कोणाच्या जिवाचा वा स्वातंत्र्याचा असेल, तर ४८ तासांची. उत्तर न आल्यास किंवा तें न पटल्यास ३० दिवसांत त्याच खात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिलें अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरें. मराठवाड्यासाठीं आयोगाचें खंडपीठ छत्रपती संभाजीनगर येथें आहे. विनाकारण टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्यास दर दिवसास २५० रुपये, जास्तींत जास्त २५,००० रुपये दंड होऊं शकतो.

हा मार्ग किती दूरवर जातो, तें मुंबईचे श्री. शैलेश गांधी यांनीं दाखविलें. पोलीस अधिकाऱ्यांच्या बदल्यांसाठीं कोणकोणत्या पुढाऱ्यांनीं शिफारशी केल्या, ही माहिती त्यांनीं राज्याच्या जुन्या कायद्याखालीं पोलीस खात्याकडे मागितली. पुढें २००८ सालीं ते स्वतःच केंद्रीय माहिती आयुक्त झाले. पण याच मार्गावर तळेगांव दाभाडे येथील सतीश शेट्टी यांचा १३ जानेवारी २०१० रोजीं खून झाला, हेंही विसरतां येत नाहीं. जमिनींच्या गैरव्यवहारांची माहिती ते या कायद्यानें बाहेर काढीत होते. म्हणून ज्या कागदामागें बड्यांचे हितसंबंध आहेत, तो एकट्यानें न मागतां चारचौघांनीं मागावा, यांत भित्रेपणा नाहीं.

आमच्या दुसऱ्या अर्जाचें उत्तर अठ्ठाविसाव्या दिवशीं आलें. पानामागें दोन रुपये भरून प्रती मिळाल्या. दावा राहत्या जिल्ह्यांत लावण्याची मुभा कायद्यानें असल्यामुळें तिला पुन्हां परजिल्ह्यांत जावें लागलें नाहीं. मुदत संपण्यास नऊ दिवस असतांना बीड येथें दावा दाखल झाला. निकाल अजून व्हावयाचा आहे. ते कागद हातीं घेतांना तिनें पहिल्यानें एवढेंच विचारलें, “ह्यात त्यांचं नाव बरोबर लिवलंय का?” आमच्या थोरल्या वहिनींनीं तिला तें नांव बोटानें दाखविलें. तिनें त्यावरून हळूच हात फिरविला, आणि कागद घडी घालून पदराखालीं घेतले.

आपल्या घरांत लिहितीं-वाचतीं माणसें पुष्कळ आहेत. भिक्षा किंवा शिधा दारीं आलेल्यास घालण्याची चाल आपल्याकडे आहेच. तींत दहा रुपयांचें तिकीट लावलेल्या एका कागदाची भर पडावयास हरकत नाहीं. मात्र अर्ज थोडक्यांत लिहावा, आणि पोच घेतल्यावांचून कचेरीची पायरी उतरूं नये. त्या बाईचे जे पंधरा दिवस आमच्या अज्ञानानें गेले, ते दुसऱ्या कोणाचे जाऊं नयेत, एवढ्यासाठींच हा लेखप्रपंच.