परसातील सातेरीपालन

परसातील सातेरीपालन म्हणजे घराच्या आवारात किंवा बागेत एक-दोन पेट्यांमध्ये केलेले सातेरी मधमाश्यांचे संगोपन होय. सातेरी (शास्त्रीय नाव : एपिस सेराना इंडिका) ही भारतीय मधमाशी झाडांच्या ढोल्या, वारुळे व जुन्या भिंतींतील पोकळ्या येथे राहते. आग्या व फुलोरी माश्या उघड्यावर एकच पोळे बांधतात. सातेरी मात्र अंधाऱ्या जागेत अनेक समांतर पोळी बांधते, म्हणूनच ती पेटीत पाळता येते. महाराष्ट्रात महाबळेश्वर परिसर या व्यवसायासाठी प्रसिद्ध असून तेथील मांघर हे गाव २०२२ मध्ये देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. पुण्यातील केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून कार्यरत आहे.

हे काम बहुधा घरातूनच शिकले जाते. आई किंवा वडील चौकटी उचलतात व धुराडे हाताळतात; मूल पेटीच्या दारावरील ये-जा पाहते आणि वहीत नोंदी ठेवते. पहिल्या हंगामाचे यश मिळालेल्या मधावरून मोजणे योग्य नाही. वसाहत पावसाळा ओलांडून टिकली का, हाच त्याचा खरा निकष ठरतो.

पेटी व तपासणी

अमेरिकेतील लोरेंझो लँगस्ट्रॉथ यांनी १८५२ मध्ये सुट्या चौकटींच्या पेटीचे पेटंट घेतले. आजच्या पेट्या त्याच तत्त्वावर आधारित असतात; सातेरीसाठी त्यांचा आकार लहान ठेवतात. खालच्या पिलावा कोठीत राणी अंडी घालते, तर वरच्या मधकोठीत जादा मध साठतो. सकाळचे ऊन व दुपारची सावली मिळेल अशा ठिकाणी पेटी ठेवतात. मुंग्या चढू नयेत म्हणून स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत उभे करतात. या वाट्या उन्हाळ्यात कोरड्या पडतात, हे पुष्कळदा उशिरा ध्यानात येते.

तपासणीत नवशिके राणी शोधण्यातच वेळ घालवतात. वास्तविक पेशीच्या तळाशी उभे, तांदळाच्या कणीहून बारीक अंडे दिसले, तरी राणी अगदी अलीकडेपर्यंत पेटीत होती हे कळते. सूर्याकडे पाठ करून चौकट उभी धरल्यास अंडी स्पष्ट दिसतात; आडवी धरल्यास नवे पोळे स्वतःच्या वजनाने तुटते. माशी डसल्यास नांगी नखाने खरडून त्वरित काढावी. श्वास लागणे, चेहरा सुजणे किंवा चक्कर येणे ही तीव्र ॲलर्जीची लक्षणे असून अशा वेळी तत्काळ रुग्णालय गाठणे आवश्यक असते.

मध काढणे

सह्याद्रीत जांभूळ, हिरडा, गेळा अशा झाडांच्या फुलोऱ्यामुळे उन्हाळ्यात मधकोठी भरते. पेशींवर मेणाची झाकणे आली की मध पिकला असे समजतात. झाकणे कापून चौकटी यंत्रात फिरवल्या की मध बाहेर पडतो आणि पोळे शाबूत राहून पुन्हा वापरता येते. एक वर्षाखालील बालकांना मध देऊ नये, कारण त्यातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

पहिल्या वर्षाचा सर्वांत अवघड निर्णय याच टप्प्यावर येतो. पिलावा कोठीतील मध हा माश्यांचा पावसाळ्याचा साठा असतो. तोही काढून घेतल्यास जूननंतर संततधारेत बाहेर न पडू शकणाऱ्या माश्यांची उपासमार होते.

पावसाळा व घरसोड

अन्न संपले, मेणकिडा वाढला किंवा वारंवार त्रास झाला, तर सातेरी पोळे सोडून समूहाने निघून जाते. युरोपीय मधमाशीपेक्षा ही प्रवृत्ती तिच्यात अधिक आहे. राणीला अंडी घालणे बंद करण्यास भाग पाडणारी टंचाई हे त्याचे पूर्वचिन्ह होय. पिलावा कमी होत असल्याचे वहीतील नोंदींवरून आधीच लक्षात येते. अशा वेळी समप्रमाणात साखर व पाणी घेऊन केलेला थंड पाक सायंकाळी पेटीच्या आत ठेवतात. दिवसा किंवा सांडून दिल्यास अन्य वसाहतींच्या माश्या लूट करतात. माश्यांनी न झाकलेली जुनी रिकामी पोळी काढून टाकल्याने मेणकिड्याला वाव राहत नाही. गांधीलमाशीशी मात्र सातेरी स्वतःच झुंजते : अनेक कामकरी माश्या तिच्याभोवती गोळा होऊन अंगच्या उष्णतेने तिला मारतात.

पाऊस ओसरल्यावर पायांवर परागाचे रंगीत गोळे घेऊन परतणाऱ्या माश्या दिसू लागल्या, की पिलावा पुन्हा वाढू लागतो व पाक देणे थांबवतात. पुढे वसाहत भरभराटीस आल्यास जुनी राणी काही कामकरी माश्यांसह वेगळी होऊन नवे घर शोधते. हे टाळण्यासाठी पालक त्यापूर्वीच वसाहतीचे विभाजन करून दुसरी पेटी भरतात.