मोठ्या सुट्टीत मुलांच्या हातांना काम हवे

नोव्हेंबर आला की आपल्या बेटावरील शाळांना मोठी सुट्टी लागते. आई-वडील निकालाची वाट पाहतात आणि मुलांना पुन्हा शिकवणीला पाठवितात. नवव्या इयत्तेची परीक्षा दिलेल्या मुलांना तर याच सुमारास दहावीचे विषय निवडावयाचे असतात. विज्ञान घ्यावे की हिशेबशास्त्र? आम्ही शिक्षक दरवर्षी पाहतो की मुले हा निर्णय गुण पाहून घेतात आणि पालक शेजाऱ्याच्या मुलाकडे पाहून. प्रत्यक्ष काम कसे असते, ते कोणीच पाहिलेले नसते.

मागे आमच्या वर्गातील एक मुलगी म्हणाली, "बाई, मला पाठ होत नाही, म्हणून मी विज्ञान सोडणार." आम्हांला वाईट वाटले. विज्ञान म्हणजे पाठांतर, ही समजूत तिला आमच्याच फळ्यावरून मिळाली होती. त्या डिसेंबरात आम्ही काही मुलामुलींना चार दिवस सकाळी एकत्र बोलाविले.

ऊस तर दाराशीच. मुलांनी एका उसाचे बुडखा, मधला भाग व शेंडा असे तीन तुकडे केले, रस काढला आणि प्रत्येकाचा एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर ठेवला. हे लहानसे उपकरण उजेडाकडे धरून डोळ्याला लावले की रसातील साखरेचा अंदाज आकड्यांत दिसतो. बुडख्याचा आकडा सर्वांत वर, शेंड्याचा सर्वांत खाली. "हे तर आमची आजी चाखूनच सांगते!" एक मुलगा ओरडला. मग कारण शोधले. खालची कांडी आधी पिकतात. शेंडा अजून वाढत असतो, म्हणून तेथील साखर वाढीतच खर्ची पडते. "तोडताना शेंडा छाटून टाकतात तो याचसाठी का?" हा प्रश्न विचारला पाठ न होणाऱ्या त्या मुलीने.

चौथ्या दिवशी आपल्याच समाजातील, प्रयोगशाळेत काम करणारी एक ताई आली. तिने भाषण केले नाही. मुलांनी विचारावे आणि तिने सांगावे, असे ठरले होते. "ताई, तुम्ही वर्गात पहिल्या होता का?" "नाही ग. गणितात एकदा नापासही झाले." "काम आवडते का?" "तोच नमुना पुन्हा तपासताना कंटाळा येतो. पण चूक सापडली की त्या दिवशी जेवण गोड लागते." असे उत्तर कोणत्या पुस्तकात मिळणार?

विज्ञान दूरदेशीचे नाही, हेही मुलांना कळले पाहिजे. ब्रा दो येथे मॉरिशस विद्यापीठाने भारतीय संस्थांच्या साहाय्याने उभारलेली रेडिओ दुर्बीण १९९२ साली सुरू झाली. तिचा पूर्व-पश्चिम बाहू २ किलोमीटरहून लांब होता. आपला पहिला उपग्रह, मिर-सॅट १, जून २०२१ मध्ये अवकाशात सोडण्यात आला. त्याची प्रत्येक बाजू अवघी १० सेंटिमीटर होती. बेल व्हिलेजच्या राजीव गांधी विज्ञान केंद्रात मुलांनी स्वतः हाताळून पाहावे असे पुष्कळ आहे.

बंधुभगिनींनो, आपल्या सभांजवळ जागा आहे. गणेशोत्सवात आपण तेथे रात्रीचा दिवस करतो. सुट्टीतील चार सकाळी मुलांसाठी का देऊ नयेत? आपल्यात परिचारिका आहेत, इंजिनिअर आहेत, वीज व पाणी खात्यांत काम करणारे काका-मामा आहेत. प्रत्येकाने एक तास द्यावा आणि आपल्या कामातील सुखाबरोबर त्रासही सांगावा. पालकांनी मात्र शेजारी बसून मुलांच्या वतीने प्रश्न विचारू नयेत.

त्या मुलीने विज्ञान घेतले. तिच्या वर्गातील एका मुलाने चार सकाळी आनंदाने काम केले आणि शेवटी हिशेबशास्त्र निवडले. आम्हांला दोघांचेही समाधान वाटते, कारण दोघांनीही आधी पाहिले आणि मग निवडले.